न्यायमूर्ती रानडे आणि खानदेशचा कापूस

सन २०२५ च्या ऑगस्ट महिन्यात दोन निर्णय पाठोपाठ जाहीर झाले. अमेरिकेने भारतीय मालावरील आयात शुल्क ५० टक्क्यांवर नेले. आणि त्या तडाख्यातून आपल्या कापड व तयार कपड्यांच्या धंद्याला सावरता यावे म्हणून भारत सरकारने परदेशी कापसावरील ११ टक्के शुल्क वर्षअखेरपर्यंत माफ केले. पहिल्या निर्णयाने तिरुपूरचा निर्यातदार हादरला, दुसऱ्याने एरंडोल-धरणगावचा कापूस उत्पादक. वेचणी तोंडावर आलेली असताना परदेशी गाठींना दार मोकळे झाले होते. त्यानंतर जी चर्चा सर्वत्र सुरू झाली ती आपल्या परिचयाची आहे. एक पक्ष म्हणतो, देशाने आपल्या गरजेपुरते आपणच निर्माण करावे, परक्याच्या बाजारावर संसार उभारू नये. दुसरा पक्ष म्हणतो, निर्यातीवाचून आजवर कोणते राष्ट्र श्रीमंत झाले?

हा वाद आपल्याकडे किमान दीडशे वर्षांचा आहे. त्यात मराठी माणसाने घातलेली सर्वांत मोलाची भर महादेव गोविंद रानडे यांची होय. रानडे आपण समाजसुधारक म्हणून ओळखतो, न्यायमूर्ती म्हणून ओळखतो, मराठ्यांच्या इतिहासाचे भाष्यकार म्हणून ओळखतो. अर्थशास्त्रज्ञ रानडे मात्र महाविद्यालयीन क्रमिक पुस्तकातील एका परिच्छेदापुरते उरले आहेत. आणि हे रानडे काही काळ आपल्या खानदेशात, धुळ्यास, न्यायाधीश होते, हे तर वर्गात सांगितले की विद्यार्थ्यांना नवलच वाटते.

निफाड ते पुणे

रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. वडील गोविंदराव सरकारी कचेरीत कारकून होते. पुढे ते कोल्हापूर संस्थानच्या नोकरीत गेले आणि महादेवाचे बालपण कोल्हापुरात गेले. पुढील शिक्षणासाठी हा मुलगा मुंबईस एल्फिन्स्टन संस्थेत आला तेव्हा मुंबई विद्यापीठाची नुकतीच स्थापना होत होती. १८५९ च्या पहिल्या प्रवेश परीक्षेस बसून उत्तीर्ण झालेल्या मोजक्या विद्यार्थ्यांत ते होते. १८६२ मध्ये ते पदवीधर झाले, १८६४ मध्ये एम. ए. आणि १८६६ मध्ये कायद्याचे पदवीधर. वाचनाचा ध्यास एवढा की डोळे कायमचे अधू झाले. विद्यार्थिदशेतच एका निबंधात इंग्रजी राज्यापेक्षा मराठी राज्याची थोरवी गायिली म्हणून प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनी सहा महिने त्यांची शिष्यवृत्ती रोखून धरल्याची हकीकत प्रसिद्धच आहे. ग्रँटसाहेबांचा या विद्यार्थ्यावर लोभ होता, हेही येथे सांगितले पाहिजे.

त्यांच्या विद्यार्थिदशेचाच हा काळ मुंबईच्या इतिहासात कापसाच्या वेड्या तेजीचा काळ आहे. १८६१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. भारतातील कापसाचे भाव पाहता पाहता कित्येक पटींनी चढले. मुंबईत रोज नव्या कंपन्या व पेढ्या निघू लागल्या, समुद्र बुजवून जमीन करण्याच्या योजनांचे भाग वेड्यासारखे विकले गेले. १८६५ च्या एप्रिलमध्ये युद्ध संपले आणि हा सारा डोलारा काही महिन्यांत कोसळला. तेविशीतील पदवीधर रानडे तेव्हा मुंबईतच होते आणि इंदुप्रकाश पत्राच्या इंग्रजी विभागाचे संपादनही त्यांनी याच सुमारास केले. परदेशच्या मागणीवर उभी राहिलेली श्रीमंती कशी येते आणि कशी जाते, याचा पाठ कोणत्याही ग्रंथाआधी त्यांना डोळ्यांदेखत मिळाला होता.

काही वर्षे अक्कलकोट व कोल्हापूर संस्थानांत चाकरी आणि एल्फिन्स्टन महाविद्यालयात अध्यापन करून १८७१ मध्ये ते पुण्यास प्रथम वर्गाचे दुय्यम न्यायाधीश म्हणून आले. सार्वजनिक सभा त्यापूर्वीच, एप्रिल १८७० मध्ये, स्थापन झाली होती. तिचे प्राण म्हणजे गणेश वासुदेव जोशी, लोकांचे सार्वजनिक काका. रानडे यांनी १८७२ मध्ये पुण्यात व्यापार व उद्योग या विषयांवर व्याख्याने दिली आणि देशी माल महाग वा ओबडधोबड असला तरी तोच घ्यावा, असा विचार मांडला. काकांनी तो विचार अंगावर चढविला. त्याच वर्षी त्यांनी देशी हातसुताचेच कापड वापरण्याचा नेम केला आणि १८७७ च्या दिल्ली दरबारात, रेशीम आणि जरीच्या त्या झगमगाटात, हा मनुष्य खादीच्या पांढऱ्या वेषात जाऊन बसला. गांधीजी तेव्हा आठ वर्षांचेही नव्हते.

काकांचा मार्ग व्रताचा होता. रानडे यांना व्रताचा आदर होता, परंतु व्रताने गिरणी चालत नाही हेही ते जाणून होते. दोघांत मतभेद होते असे मी म्हणत नाही. एकाच प्रश्नाच्या दोन टोकांना दोघे उभे होते. ग्राहकाने काय घ्यावे हे काकांनी सांगितले. ते निर्माण कोण करणार, त्यासाठी भांडवल, यंत्र आणि कौशल्य कोठून येणार, या विवंचनेत रानडे यांची पुढली वीस वर्षे गेली.

धुळ्याची बदली

१८७८ मध्ये त्यांची नाशिकला बदली झाली. पुढच्या वर्षी वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाने सरकार बिथरले. १३ मे १८७९ रोजी पुण्यातील बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. फडके यांनी पूर्वी रानडे यांची स्वदेशीवरील व्याख्याने ऐकली होती असे सांगतात. तेवढ्यावरून सरकारी नोकरीतील एका न्यायाधीशाविषयी संशय घेणे हे आज हास्यास्पद वाटते, पण संशय घेतला गेला खरा. न्यायालयाच्या सुटीत पुण्यास आलेल्या रानडे यांना सुटी संपण्याचीही वाट न पाहता धुळ्यास रवाना होण्याचा हुकूम मिळाला. धुळ्यास त्यांची टपाल फोडून वाचली जात असे. बंडवाल्यांच्या नावाने बनावट पत्रेही त्यांच्याकडे येत आणि ते ती शांतपणे अधिकाऱ्यांकडे पोचती करीत. रमाबाईंनी आपल्या आठवणींत हे दिवस मोठ्या संयमाने सांगितले आहेत. यथावकाश संशय फिटला आणि १८८१ च्या आरंभी त्यांची मुंबईस नेमणूक झाली.

ज्या खानदेशात ते आले तो कसा होता? एका पिढीत तो बदलून गेला होता. पूर्वी येथला कापूस बैलांच्या पाठीवरून आणि गाड्यांतून घाट उतरत असे. कापूस चांगला मिळावा म्हणून सरकारने हिंगणघाटचे बी येथे आणून वाढविले, भेसळीला आळा घालण्यासाठी १८६३ मध्ये मुंबईत कायदा केला. कसाऱ्याच्या घाटातून लोहमार्ग १ जानेवारी १८६५ रोजी खुला झाला आणि खानदेशची गाठ अखंड रुळावरून मुंबई बंदरात पोचण्याची सोय झाली. विनोद असा की सोय झाली आणि चार महिन्यांच्या आत तेजीच संपली. राहिले ते रूळ, कापसाखाली गेलेली ज्वारीची रानेच्या राने, आणि तेजीच्या भावावर विसंबून काढलेली कर्जे.

आमच्या एरंडोलपुरते बोलायचे तर हे गाव एके काळी हातकागदासाठी प्रसिद्ध होते. जाडाभरडा, पण टिकाऊ असा तो देशी कागद. विसाव्या शतकाच्या आरंभी सरकारी गॅझेटियरने नोंद केली तेव्हा तो धंदा कसाबसा तग धरून होता; आणि त्याच नोंदीत एरंडोलला कापसाचे तीन जिनिंग कारखाने असल्याचे लिहिले आहे. व्यापाराचा ओढा जळगावकडे, रेल्वेकडे वळला होता. पक्का माल करणारे गाव कच्चा माल साफ करून देणारे गाव झाले, हा सारा फेरफार त्या दोन ओळींत आला आहे. कागद्याचा मुलगा उपाशी राहिला असेल असे नाही. जिनात त्याला मजुरीही मिळाली असेल. पण त्याच्या हातातले कसब गेले, आणि ते पुन्हा कमावण्याची जागा गावात उरली नाही.

धुळ्याच्या दिवाणी न्यायाधीशापुढे जे दावे येत ते मुख्यतः सावकारी देण्याघेण्याचेच. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे कुणब्यांनी सावकारांचे दस्त जाळले होते, आणि त्याच्या कारणांत युद्धोत्तर मंदीचाही वाटा चौकशी समितीने मान्य केला होता. १८७९ चा दख्खन शेतकरी संरक्षण कायदा पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांसाठी झाला. खानदेश त्यात नव्हता. याच १८७९ साली व्हाइसरॉय लिटन यांनी आपल्याच मंडळातील बहुमत डावलून विलायती जाड्याभरड्या सुती कापडावरील आयात शुल्क रद्द केले, आणि १८८२ मध्ये उरलेलेही गेले. म्हणजे रानडे धुळ्यास असताना एका दाराने खानदेशचा कापूस बाहेर जात होता आणि दुसऱ्या दाराने लँकेशायरचे कापड जकातीवाचून आत येत होते. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळातही देशाबाहेर धान्य जातच राहिले होते, ही आठवण तेव्हा ताजी होती.

काय विकावे?

पुढे त्या कायद्याच्या अंमलबजावणीसाठी विशेष न्यायाधीश म्हणून रानडे खेडोपाडी हिंडले, १८८६ मध्ये हिंदुस्थान सरकारच्या वित्त समितीवर गेले. हे सर्व पाहून झाल्यावर, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी आपले अर्थशास्त्र लिहिले. १८९० मध्ये पुण्यास औद्योगिक परिषद भरविण्यात त्यांचा पुढाकार होता. १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजात त्यांनी भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिले आणि इंग्लंडात शिकविले जाणारे अर्थशास्त्र हे सर्व देशांस व सर्व काळास लागू पडणारे शास्त्र नव्हे, असे ठामपणे प्रतिपादिले. जर्मनीचा फ्रीडरिश लिस्ट हा त्यांचा मोठा आधार. ज्या राष्ट्राने आधी संरक्षणाच्या बळावर कारखाने उभारले त्यानेच मग इतरांना खुल्या व्यापाराचा उपदेश करावा, यातील विसंगती लिस्टने १८४१ मध्ये दाखविली होती.

परंतु रानडे यांना निव्वळ संरक्षणवादी किंवा निव्वळ स्वदेशीवादी ठरविणे चुकीचे आहे, आणि अशी चूक आज दोन्ही पक्षांकडून होण्याचा संभव अधिक. त्यांनी परदेशी व्यापार थांबवा असे कोठेही म्हटले नाही. देशाभोवती भिंत उभारून आत सुखाने राहण्याची कल्पना त्यांना पटलीच नसती. रेल्वे, बंदरे, इंग्रजी यंत्रे, परकी भांडवल यांचे त्यांना वावडे नव्हते. दादाभाई नौरोजी संपत्तीच्या निःसारणाचा हिशेब मांडीत होते. रानडे यांना तो हिशेब माहीत होता, पण त्या तक्रारीतच देशाची बुद्धी अडकून पडू नये असे त्यांचे मत होते. विलायतेस जाणाऱ्या पैशाविषयी हळहळत बसण्यापेक्षा आपल्या हातातले जे धंदे निसटत आहेत त्यांकडे पाहा, असा त्यांचा रोख असे. यामुळे काही समकालीनांना ते मवाळ वाटले. आजही वाटतात.

त्यांचा मुद्दा विकण्या-न विकण्याचा नव्हताच. काय विकावे, कोणत्या अवस्थेत विकावे, हा होता. तेलबिया जाण्याऐवजी तेल जावे. कातडी जाण्याऐवजी कमावलेले चामडे जावे. गुळाऐवजी साखर, कापसाऐवजी सूत आणि कापड, आणि चिंध्यांऐवजी कागद. हातकागदाच्या गावी राहणाऱ्या माणसाला या यादीतील शेवटची जोडी थांबवून ठेवते. राष्ट्राचे सारे कसब शेतीत कोंडले जाणे आणि शहरांतील कारागीर पुन्हा नांगराकडे ढकलला जाणे, यालाच ते देशाचे खरे दारिद्र्य मानीत. शेतीवरच जगणारा देश पावसाच्या आणि परक्या बाजाराच्या, अशा दोन लहरींवर जगतो.

१८९३ च्या निबंधात तर त्यांनी आशेचा हिशेब मांडला. १८७९ ते १८९२ या काळातील व्यापाराचे आकडे तपासून त्यांनी दाखविले की निर्यातीत पक्क्या मालाचा आणि आयातीत कच्च्या मालाचा वाटा वाढू लागला आहे. ओहोटी थांबून भरती लागली आहे. मुंबईच्या गिरण्यांचे सूत चीनला जात होतेच. जळगावलाही मुळजी जेठा यांची गिरणी १८७० च्या दशकातच उभी राहिली होती. स्वतः रानडे यांच्या प्रोत्साहनाने पुण्यात रेशीम-कापसाची गिरणी, धातूचा कारखाना, रंगाची कंपनी, रे यांच्या नावाची कागदगिरणी, व्यापारी पेढी असे उद्योग निघाले. त्यांतले काही टिकले नाहीत. तरी न्यायाधीशाच्या पगारावर जगणाऱ्या माणसाने भागभांडवलाच्या फंदात पडावे, हे त्या काळच्या पांढरपेशा समाजात विशेषच म्हटले पाहिजे.

सरकारने काय करावे, याविषयी त्यांची मते त्यांच्या काळाच्या कितीतरी पुढे होती. सरकारने लागणारा माल येथेच घ्यावा, नव्या धंद्यांना आरंभी हमी द्यावी, रेल्वेवर जो खर्च होतो त्यातला काही लोखंडाच्या कारखान्यांकडे वळवावा. शेतकऱ्याच्या पतपुरवठ्यावर १८९१ मध्ये लिहिताना त्यांनी युरोपातील पतसंस्थांचे दाखले दिले. सावकाराला नुसते कायद्याने बांधून भागणार नाही, त्याची जागा घेणारी संस्था उभी करावी लागेल, हे त्यांनी ओळखले होते. सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ मध्ये झाला. तो पाहण्यास ते नव्हते.

जावाचा धडा

येथे त्यांच्या एका निबंधाविषयी मला स्पष्ट लिहिणे भाग आहे. १८९० मध्ये त्यांनी डच सरकारने जावा बेटात राबविलेल्या लागवड पद्धतीवर लिहिले. त्या पद्धतीत सरकार उचल देई, ऊस, नीळ, कॉफी यांची लागवड ठरवून देई, ऊस गाळून साखर करण्यासाठी कारखानदारांना भांडवल देई आणि माल युरोपात नेऊन विकी. रानडे यांना त्यात सरकारी भांडवलाने पक्का माल निर्माण करणारी व्यवस्था दिसली, आणि हिंदुस्थान सरकार तेवढेही करीत नाही याची खंत वाटली. परंतु त्याच पद्धतीत जावाच्या शेतकऱ्यावर सक्ती होती, त्याच्या भाताच्या खाचरांवर नीळ आणि ऊस आला, दुष्काळ पडले. मुलतातुली या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका डच अधिकाऱ्याची कादंबरी १८६० मध्येच या जुलमाला वाचा फोडून गेली होती. रानडे सक्तीचे समर्थक नव्हते हे खरे. पण पक्क्या मालाच्या ओढीने त्यांनी त्या सक्तीकडे पुरेसे लक्ष दिले नाही, असेच मला वाटते. साखरेचे कारखाने उभे राहिले, पण उसाचा भाव ठरविण्यात शेतकऱ्याचा शब्द नव्हता. कारखाना कोणाच्या हाती, हा प्रश्न त्यांच्या लेखनात असावा तितका ठळक नाही.

स्वातंत्र्यानंतर आपण त्यांच्या शिकवणीतील अर्धा भाग उचलला. सरकारचा पुढाकार आला, दुसऱ्या योजनेपासून पोलाद आले, आयातीवर कडक बंधने आली. पण बाजाराशी सतत झुंजत राहून माल सुधारण्याची शिस्त, जी त्यांना अपेक्षित होती, ती परवान्यांच्या राज्यात सुटली. १९९१ नंतर दारे उघडली तेव्हा दुसरा अर्धा भाग आपण उचलला आणि पहिला विसरलो. जळगावची ती जुनी गिरणी बंद पडली. तिच्या आवारात आता दुकाने आहेत. एरंडोलच्या परिसरातील कापूस आजही बहुतांशी गाठींच्या रूपाने बाहेर जातो, सूत दुसरीकडे निघते, कापड तिसरीकडे आणि सदरा चौथीकडे. म्हणूनच ऑगस्ट २०२५ मध्ये सदरा विकणाऱ्याला दिलेली सवलत कापूस पिकविणाऱ्याच्या अंगावर आली. दोघे एकाच धाग्याची दोन टोके असताना सरकारी कागदावर एकमेकांचे विरोधक ठरले. शुल्क ठेवावे की काढावे, यावर माझ्या विद्यार्थ्यांत, ज्यांतील निम्म्यांच्या घरी कापूस आहे, अर्थातच एकमत नाही.

रानडे यांना १८९३ च्या नोव्हेंबरमध्ये, तेलंगांच्या निधनानंतर, उच्च न्यायालयाचे न्यायमूर्तिपद मिळाले. पदामुळे लेखणी काहीशी आवरती झाली, पण थांबली नाही. १८९८ मध्ये त्यांचे आर्थिक निबंध ग्रंथरूपाने आले, १९०० मध्ये मराठ्यांच्या सत्तेवरील ग्रंथ. मधल्या काळात ज्या गिरण्यांच्या वाढीवर त्यांनी आपली आशा बांधली होती त्यांवरच घाला आला. तिजोरीच्या अडचणीमुळे १८९४ मध्ये सरकारने विलायती मालावर पुन्हा शुल्क बसविले, तेव्हा लँकेशायरच्या समाधानासाठी देशी गिरण्यांच्या मालावरही कर लादला. आणि १८९६ मध्ये येथे विणलेल्या गिरणी कापडावर साडेतीन टक्क्यांचा कर कायम झाला. देशी कापडावर, देशातच, परक्या कापडाची बरोबरी करण्यासाठी कर! १६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईत रानडे यांचे देहावसान झाले तेव्हा तो चालू होता. त्यांचे शिष्य गोपाळ कृष्ण गोखले यांनी पुढे कायदे मंडळात त्याविरुद्ध आवाज उठविला. तेही १९१५ मध्ये गेले. तोवर अमळनेरला प्रताप शेठजींची गिरणी उभी राहून तिच्या मागांवरील कापडही त्या कराखाली आले होते. त्या कराची वसुली थांबली ती डिसेंबर १९२५ मध्ये.